एका बाकड्याचा अर्ज

बाकडं नसल्यामुळे माणूस मेला, असं आजवर कुठे छापून आलेलं नाही. माणसं उभी राहतात, भिंतीला टेकतात, पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि बस आली की चढतात. एवढी साधी गोष्ट भूगोलाच्या सरांना वेळेवर सुचली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण सर पडले शिक्षक. बावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवून शिकवून स्वतःला काही वेळेवर सुचण्याची त्यांची सवयच मोडली होती.

सुरुवात झाली ती एका परिपत्रकाने. ‘समाजसेवेच्या प्रकल्पातून विद्यार्थ्यांमध्ये नेतृत्वगुण रुजवणे’ असं त्याचं लांबलचक नाव होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं आणि मान वर केली, तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला एकदम वह्या तपासायची हुक्की आली होती. पी.टी.च्या सरांना स्पर्धा होत्या, गणिताच्या बाईंना पाठदुखी होती, विज्ञानाच्या सरांना प्रयोगशाळेतली गळती होती. भूगोलाच्या सरांना नेमकं त्या क्षणी काही नव्हतं. ते स्टुलावर चढून कपाटावरून जगाचा नकाशा उतरवत होते. दोन्ही हात जगात अडकलेले, त्यामुळे ‘नाही, नाही’ असा हात त्यांना हलवता आला नाही.

“मग ठरलं,” बाई म्हणाल्या. “सर, नववी तुमची.”

परिपत्रकात दोनच गोष्टी ठळक अक्षरांत होत्या. एक, शिक्षकाने फक्त मार्गदर्शन करावं, निर्णय विद्यार्थ्यांनी घ्यावेत. दोन, शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘नेतृत्वगुण दिसले’ किंवा ‘दिसले नाहीत’ असं लिहून अहवाल तीन प्रतींत शिक्षण कार्यालयात स्वतः नेऊन द्यावा. टपालाने चालणार नाही. खाडाखोड चालणार नाही.

सरांनी वर्गात जाऊन विचारलं, “समाजाची सेवा कोणाकोणाला करायची आहे?”

एकही हात वर आला नाही. मागे कोणीतरी खोकलं.

“बरं, नेतृत्व कोणाला करायचं आहे?”

एकेचाळीसपैकी चाळीस हात वर. उरलेला एक हात बाकाखाली होता, कारण त्या हाताची मालकीण बुटाची लेस बांधत होती. या मुलीच्या बुटांच्या लेस कायम सुटलेल्या असायच्या. प्रार्थनेला सुटलेल्या, तासाला सुटलेल्या, प्रगतिपुस्तक घेताना सुटलेल्या. अख्खी शाळा तिला लेसवाली म्हणायची. सर दिवसातून तीनदा तिला म्हणायचे, “अगं, लेस!” आणि ती जिथे असेल तिथे, जिन्यात म्हणू नका, दारात म्हणू नका, खाली बसून शांतपणे ती बांधायला लागायची. मागची रांग तशीच अडून राहायची.

चाळीस नेते आणि एक लेस, एवढ्या भांडवलावर प्रकल्प उभा राहिला. चाळिसांतला मुख्य नेता निवडावा लागला नाही, तो होताच. त्याला सगळे पुढारी म्हणायचे. माहीत असलेल्या विषयावर तो दहा मिनिटं बोलायचा आणि माहीत नसलेल्या विषयावर वीस.

आता प्रकल्प कोणता, हा निर्णय विद्यार्थ्यांनी घ्यायचा होता. तो त्यांनीच घेतला. फक्त काय घ्यायचा, ते सरांनी त्यांना आधी सांगितलं. त्याला कारण होतं, आणि ते कारण सरांच्या घरीच राहत होतं.

सरांचे वडील, अण्णा, ऐंशीला टेकलेले. डावा गुडघा कामातून गेलेला. शाळेच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर सरांचं घर. रोज सकाळी साडेनऊला अण्णा इस्त्रीचा सदरा घालून तयार व्हायचे, जिना एकेक पायरी उतरायचे, शाळेसमोरच्या थांब्यावर यायचे आणि दहा दहाची बस पकडून वाचनालयात जायचे. तिथे खिडकीजवळच्या टेबलाशी त्यांचे दोन मित्र असायचे. पूर्वी तीन होते. तिघं मिळून एक वर्तमानपत्र वाटून वाचायचे आणि त्यातल्या प्रत्येक बातमीवर भांडायचे. दीडच्या बसने अण्णा घरी यायचे, ते भांडून ताजेतवाने झालेले. आई गेल्यानंतर घरात त्यांचं तेवढंच चैतन्य उरलं होतं. फक्त बसची वाट बघत उभं राहताना गुडघा ठणकायचा. एकदा ते म्हणाले, “अरे, तिथे साधं एक बाकडं असतं तर!” तेवढंच. तक्रार म्हणूनही नाही.

तर ठरलं बाकडं. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘लाभार्थी कोण?’ आणि खाली मार्गदर्शन केलं. सेवा सरसकट करायची नसते, आधी निकष ठरवायचे असतात. वय पासष्टच्या वर, किंवा पायाला त्रास, किंवा कडेवर मूल. “निकषात बसत नाही, त्याला लाभ नाही. मग तो कोणी का असेना,” सर खडू टेबलावर आपटून म्हणाले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि सरांना शिकवल्याचं समाधान मिळालं. पुढे हे समाधान त्यांना चांगलंच महागात पडणार होतं.

मग गट पडले. भाषण गट, पत्रव्यवहार गट, फलक गट, उद्घाटन गट. उद्घाटन गटात एकोणीस जण होते. थांब्यावर वही घेऊन बसायचं आणि कोण येतं, किती वाजता येतं, ते लिहायचं, या सर्वेक्षण गटात कोणालाच जायचं नव्हतं. तो लेसवालीच्या वाट्याला आला. ती “बरं सर” म्हणाली आणि रोज सकाळी थांब्यामागच्या शिंप्याच्या पायरीवर बसू लागली.

बातमी घरोघर पसरायला एक संध्याकाळ पुरली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर चप्पल न घालताच खाली आले.

“मास्तर, बाकडं करताय म्हणे?”

“मुलं करताहेत. मी फक्त मार्गदर्शन करतोय.”

“मग माझं मार्गदर्शन ऐका. सुताराकडून करून घ्या, सकाळी नेऊन ठेवा, वर बसा. झालं! पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. ठेवलेलं बाकडं कोणी उचलत नाही. पण विचारायला जाऊ नका. विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं.”

“पण मुलांना रीतसर मार्ग शिकवायचा आहे हो,” सर म्हणाले.

ओव्हरसियरांनी त्यांच्याकडे बघितलं. आजारी माणसाकडे बघावं तसं. “अर्ज करणार?”

“अर्ज करणार.”

“देव तुमचं भलं करो,” असं म्हणून ते वर गेले.

तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं वेगळं होतं. बाकड्याला पाठ हवी, नाहीतर म्हाताऱ्या माणसांचं काय? पाच मिनिटांनी त्या पुन्हा आल्या. पाठ नको, नाहीतर रिकामटेकडे रेलून बसतील. सर म्हणाले, दोन्ही सूचना मुलांपुढे ठेवतो. काकू म्हणाल्या, “मुलांपुढे काय ठेवतोस बाबा, तुला स्वतःला काही ठरवता येतं का नाही?” लहानपणापासून ओळखणारी माणसं शेजारी असली की नेतृत्वगुण शिकवणं अवघड होऊन बसतं.

अर्ज घेऊन सर, पुढारी आणि पत्रव्यवहार गट नगरपालिकेत गेले. खिडकीमागच्या बाईंनी तो वाचला. पदपथ आमचा, म्हणाल्या, पण थांबा परिवहनचा. परिवहनचा ना हरकत दाखला आणा. परिवहनच्या कचेरीत गेले तर तिथले कारकून म्हणाले, थांबा आमचा, पण पदपथ नगरपालिकेचा. त्यांचा दाखला आणा. मग दोघांनाही एकाच वेळी पत्रं गेली. नगरपालिकेने अर्जाची वेगळीच फाइल उघडली आणि तिला नाव दिलं, ‘शाळेसमोरील सुविधा’. परिवहनने एवढंच कळवलं की जागेचा नकाशा जोडावा.

नकाशा! सरांचा चेहरा उजळला. इतके दिवस हे प्रकरण नागरिकशास्त्राचं होतं, आता ते भूगोलात आलं होतं. दोन रविवार त्यांनी मोजपट्टी घेऊन रस्ता मोजला. टोक पकडायला लेसवाली होती, बाकी गट उद्घाटनाच्या तयारीत होते. मग सरांनी नकाशा काढला. प्रमाण, दिशा, सूची, सगळं जिथल्या तिथे. झाडं हिरवी, इमारती करड्या, पाण्याची टाकी निळी. थांबा लाल ठिपक्याने, आणि खाली दोन्ही बाजूंच्या थांब्यांपर्यंतचं अंतर मीटरमध्ये. बावीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं की नकाशात जे नाही, ते नाहीच असं समजा. आता त्यांचा स्वतःचा नकाशा एका कचेरीत जाणार होता. बायकोने तो बघितला आणि म्हणाली, “अहो, इतकं सुंदर काम तुम्ही आपल्या लग्नातही केलं नव्हतं.” सरांनी हे कौतुक आहे असं धरून चालायचं ठरवलं.

परिवहनच्या कारकुनांनी नकाशा टेबलावर पसरला. पुढाऱ्याने घसा खाकरून “आदरणीय साहेब” असं सुरू केलं, पण कारकुनांनी हात वर केला. ते नकाशात बुडाले होते. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं, त्यांनी आतल्या साहेबांना बोलावलं. सगळे वाकून बघू लागले. सरांचा ऊर भरून आला.

“असा नकाशा आमच्याकडे पहिल्यांदाच आला,” आतले साहेब म्हणाले. “नाहीतर लोक वाटेल त्या रेघोट्या मारतात. हे अंतर बरोबर आहे?”

“मोजपट्टीने मोजलंय,” सर म्हणाले. “फार तर एक फूट इकडेतिकडे.”

“वा.” साहेबांनी एक जाडजूड रजिस्टर मागवलं आणि पानं उलटू लागले. पुढे गेले, मागे आले. मग चष्मा काढला. “सर, हा तुमचा लाल ठिपका आहे ना, हा थांबा आमच्याकडे नाहीच.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे आमच्या नकाशात तो वर टाकीपाशी आहे. एकोणीस वर्षांपूर्वी वरचा रस्ता खोदला होता, तेव्हा तात्पुरता खाली आणला. मग तो परत वर न्यायचा राहिला. इतकी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही.” त्यांनी कृतज्ञतेने सरांकडे पाहिलं. “तुम्ही आणून दिलंत म्हणून कळलं.”

“पण लोक तिथेच चढतात!” सर म्हणाले. “बस तिथेच थांबते!”

“थांबत असेल,” साहेब हळुवारपणे म्हणाले. “पण सर, तुम्ही भूगोल शिकवता. नकाशात जे नाही, ते नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सरांचा धडा नीट पाठ केला होता.

सरकारी काम हळू चालतं, असं म्हणणाऱ्यांनी तो खांब उपटताना पाहायला हवा होता. आठव्या दिवशी सकाळी दोन माणसं आली, चहा न पिता कामाला लागली आणि वीस मिनिटांत खांब, पाटी आणि खांबाखालचं सिमेंट गाडीत टाकून निघून गेली. भोक बुजवलं, वर झाडू मारला. एकोणीस वर्षं इथे काही होतं, याची खूण उरली नाही.

त्याच आठवड्यात नगरपालिकेने तिची फाइल बंद केली. फाइल होती ‘शाळेसमोरील सुविधा’ या नावाची, आणि ती बंद करायची तर कुठलीतरी सुविधा द्यावीच लागणार होती. बाकडं तर आता देता येत नव्हतं. म्हणून त्यांनी शाळेसमोर रस्त्यावर पांढरे पट्टे मारून दिले, आणि पाटी लावली: ‘पट्ट्यांवर विद्यार्थी असल्यास वाहन थांबवणे बंधनकारक’. पट्टे अगदी सुरेख आले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यावर उभं राहून फोटो काढून घेतला आणि म्हणाल्या, “काहीतरी पदरात पडलं ना, सर!”

गल्लीत मात्र सरांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. टाकीपाशी जायला अकरा मिनिटांचा चढ होता. सकाळी अर्धी गल्ली धापा टाकत तो चढायची आणि चढताना माणसाला जे सुचतं ते सगळं सरांच्या नावाने सुचायचं. काकूंनी बोलणं टाकलं. शिंप्याने सरांची उसवलेली पँट न शिवताच परत दिली, “हातच चालत नाही, गिऱ्हाईकं येईनाशी झालीत.” सरांची बायकोही त्याच बसने कामाला जायची. तिने फक्त गजर पंधरा मिनिटं अलीकडे लावला आणि तो सरांच्या उशाशी ठेवला.

एका संध्याकाळी ओव्हरसियर कागद घेऊन आले. “थांबा परत आणा म्हणून निवेदन आहे. एकशे बारा सह्या झाल्यात. तुमचीही करा.”

सरांनी वाचलं. ‘संबंधित शिक्षकाच्या बेजबाबदार व अनाठायी उत्साहामुळे रहिवाशांचे अतोनात हाल होत असून...’

“हा संबंधित शिक्षक मीच ना?”

“नाव नाही घातलं,” ओव्हरसियर म्हणाले. “शेजारधर्म आहे.”

सरांनी सही केली. एकशे तेरावी. जाता जाता ओव्हरसियर दारात थांबले. “याला नकाशा जोडायला सांगितलाय. पण तुम्ही राहू द्या. दुसऱ्या कोणाकडून काढून घेतो.”

निवेदनाची पोच मिळाली आणि ते कुठेतरी कपाटात जाऊन पडलं. पुढाऱ्याने पट्ट्यांच्या कडेला उभं राहून एक जळजळीत भाषण केलं, पण त्याचा रोख कोणावर होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. उद्घाटन गट पट्ट्यांचं उद्घाटन करून मोकळा झाला.

हे सगळं सरांनी सोसलं असतं. माणूस चार शिव्या खातो, चार दिवसांनी लोक विसरतात. पण अण्णांचं काय?

पहिल्या दिवशी अण्णा चढ चढायला गेले आणि अर्ध्यातून परत आले. दुसऱ्या दिवशीही गेले, ते त्याहून खालूनच परतले. तिसऱ्या दिवसापासून ते साडेनऊला इस्त्रीचा सदरा घालून तयार व्हायचे आणि बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसायचे. दीड वाजला की सदरा उतरवून खुंटीला लावायचे. सर शाळेत जाताना त्यांना विचारायचे, “अण्णा, जाऊ या का हळूहळू? मी येतो सोबत.”

“नको रे. आज जरा कंटाळा आलाय.”

तोच कंटाळा दुसऱ्या दिवशी, तोच तिसऱ्या. एकदाही त्यांनी बाकड्याचं नाव काढलं नाही. काढलं असतं, दोन शब्द सुनावले असते, तर सरांना बरं वाटलं असतं. आपण आपल्या म्हाताऱ्या बापाला बसायला जागा द्यायला निघालो आणि त्याचं उठून जाणंच बंद करून बसलो, हा विचार त्यांना वर्गात यायचा, जेवताना यायचा, फळ्यावर नदीचा उगम काढताना यायचा आणि नदी तिथेच अडायची. मित्रांपैकी एकाने वाचनालयातून निरोप पाठवला, अण्णांची खुर्ची दुसरा कोणीतरी ओढून नेऊ लागलाय म्हणून. अण्णा म्हणाले, “नेऊ दे. खुर्चीच आहे.” सर त्या दिवशी मोरीत जाऊन नळ सोडून उभे राहिले.

अहवालाची मुदत आली. सर तीन प्रती पुढ्यात घेऊन बसले. ‘प्रकल्पाचे फलित’ या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्यांनी ‘पट्टे’ असं लिहिलं. मग एकेचाळीस नावं. पुढारी: दिसले. त्यात वादच नव्हता, दुरूनही दिसले असते. उद्घाटन गट: दिसले. लेसवालीपाशी ते थांबले. ही मुलगी एका सभेत बोलली नाही, एका फलकावर तिचं नाव नाही. तिची सर्वेक्षणाची वही त्यांच्याकडे आलीच नव्हती, आणि त्यांनीही मागितली नव्हती. आता थांबाच नाही, तर थांब्यावर कोण येतं ते वाचून काय करायचं? त्यांनी लिहिलं: ‘दिसले नाहीत’. खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही झाली, शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर जेवायला घरी आले, तर खुर्ची रिकामी. सदराही नाही. स्वयंपाकघर बघितलं, जिना बघितला, काकूंचं दार ठोठावलं. इतक्यात अण्णा जिना चढून वर आले. गाल लाल झालेले, डोळे चमकत होते. भांडून आल्याची सगळी लक्षणं.

“अण्णा! कुठे गेला होतात?”

“वाचनालयात. त्या गाढवाकडून खुर्ची परत घेतली.”

“पण गेलात कसे?”

“बसने,” अण्णा म्हणाले, आणि चप्पल काढून आत गेले.

“बस थांबते?” सरांनी आत जाऊन विचारलं.

“थांबते.”

“कुठे?”

“थांबते तिथे,” अण्णा म्हणाले. “पान वाढ. भूक लागलीय.”

दुसऱ्या दिवशी सरांना अहवाल द्यायला जायचंच होतं. त्यांनी तीन प्रती पिशवीत घातल्या आणि अण्णांच्या मागोमाग जिना उतरले. शाळेसमोर, जिथे पूर्वी खांब होता त्याच्या आसपास, माणसं अगदी सहज उभी असल्यासारखी उभी होती. शिंप्याची पाय लचकलेली बहीण होती, कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. अण्णा त्यांच्यात जाऊन उभे राहिले. शिंप्याच्या पायरीवर लेसवाली बसली होती, मांडीवर वही. तिच्याजवळ पुढारी तिचं दप्तर धरून उभा होता, तोंड घट्ट मिटून. सरांनी त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं.

खालच्या वळणावर बस दिसली. लेसवाली उठली, दोन्हीकडे बघितलं, पांढऱ्या पट्ट्यांवर चालत गेली आणि बरोबर मधोमध तिच्या बुटाची लेस सुटली.

“अगं, लेस!” सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

ती खाली बसली आणि शांतपणे लेस बांधू लागली. बस थांबली. थांबणं बंधनकारकच होतं, तशी पाटीच होती. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघितलं. कंडक्टरने आकाशाकडे बघितलं. दार मात्र उघडं होतं. आधी कडेवर मूल असलेली बाई चढली, मग शिंप्याची बहीण, मग अण्णा, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी. कंडक्टरने त्यांना हात दिला, तेवढा मात्र आकाशाकडे न बघता.

हे चांगलं की वाईट, कायदेशीर की बेकायदेशीर, ते सरांना कळेना. ते पुढे झाले, दाराची दांडी धरली, आणि एक पाय वर ठेवला.

“सर!” रस्त्याच्या मधून आवाज आला. लेसवाली अजून खाली बसलेली होती. “सर, तुम्ही नाही.”

“काय?”

“तुम्ही निकषात बसत नाही, सर.”

“अगं, मला शिक्षण कार्यालयात जायचंय! तुमचाच अहवाल घेऊन!”

“हो सर. पण तुमचं वय सत्तेचाळीस आहे. पायाला त्रास नाही. कडेवर कोणी नाही.” ती दुसऱ्या बुटाकडे वळली. “दोन लेस बांधेपर्यंत तीनच माणसं चढतात, सर. मी वहीत वेळ लावून बघितलंय. चौथा चढला की मागच्या गाड्या ओरडायला लागतात, आणि मग ड्रायव्हरकाका उद्यापासून थांबणार नाहीत.”

“पण मी...”

“निकषात बसत नाही त्याला लाभ नाही, मग तो कोणी का असेना, असं तुम्हीच सांगितलंत,” ती म्हणाली. उद्धटपणे नाही. धडा म्हणून दाखवावा तसं.

बसमधल्या सगळ्या माणसांनी सरांकडे पाहिलं. त्यांतल्या कित्येकांच्या सह्या त्या निवेदनावर होत्या. अण्णा खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, “अरे, उतर. उगाच खोळंबा करू नकोस.”

सरांनी पाय खाली घेतला. लेसवाली उठली, पट्टे ओलांडून पलीकडे गेली. बस निघाली आणि आपल्या वाटेने वर टाकीकडे गेली.

सर चढायला लागले. अकरा मिनिटं. वाटेत त्यांना काकू भेटल्या, ओव्हरसियर भेटले, दोघांनीही त्यांच्या पिशवीकडे बघितलं आणि पुढे गेले. टाकीपाशी पोचेस्तोवर बस कधीच निघून गेली होती. पुढची चाळीस मिनिटांनी. तिथे नवा कोरा खांब होता, पाटी होती, बाकी काही नव्हतं. ना सावली, ना टेकायला भिंत.

सरांनी पिशवीतून अहवाल काढला. तो गुडघ्यावर ठेवून लिहायला गुडघा हवा होता, आणि गुडघा हवा तर बसायला काहीतरी हवं होतं. शेवटी त्यांनी कागद खांबाला टेकवले आणि तिन्ही प्रतींवर लेसवालीच्या नावापुढचं ‘नाहीत’ खोडलं, नीट, एका सरळ रेघेने, आणि बाजूला आपली सही केली. खाडाखोड चालणार नाही, हे त्यांना पाठ होतं. अहवाल परत येणार होता, बाईंची बोलणी बसणार होती, नवे फॉर्म भरावे लागणार होते, आणि ते घेऊन त्यांना पुन्हा हा चढ चढावा लागणार होता. लाभार्थी नसलेल्या माणसाला दुसरा रस्ताच नव्हता.

ऊन वाढत होतं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पाय बदलला. इथे एखादं बाकडं हवं होतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. त्यांनी चटकन मागेपुढे बघितलं. जवळपास कोणी नव्हतं, तरीही ते त्यांनी पुटपुटूनसुद्धा बघितलं नाही.